बोळाचं माप

या, असे जरा पुढे सरका. तिकडे पंख्याच्या घरघरीत निम्मं बोलणं वाया जाईल. एका नावाड्याची गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, चमत्कार नाही. सकाळी सुरू होते आणि दिवेलागणीला संपते. बुवा कीर्तनाला उभे राहिले की पखवाज लावून होईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाही मी उगाच घेणार नाही.

तर मे महिन्यातली सकाळ. सांगलीत नदीकाठच्या मैदानावर बोटींचं प्रदर्शन भरलं होतं, आणि अर्जुना एका लालभडक बोटीवर ओणवा होऊन सुतळी ताणत होता.

बोट नवीकोरी, ट्रॉलीवर चढवलेली, पुढच्या टोकाला झेंडूचा हार. अर्जुनाने सुतळीचं एक टोक डाव्या काठावर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं उजव्या काठाकडे नेलं. सुतळीला एका जागी गाठ मारलेली होती. ती गाठ काठापर्यंत पोचलीच नाही, चांगली दोन वीत अलीकडे राहिली. स्टॉलवरचा ऋषिराज नावाचा पोरगेला विक्रेता पुण्याहून आलेला. तो अदबीने म्हणाला की काका, सगळी मापं या कागदावर छापलेली आहेत, तुम्ही कशाला त्रास घेता. अर्जुनाने कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि सुतळी पुन्हा बोटांवर गुंडाळायला लागला.

"मामा, बोटीला झबलं शिवायचं हाय व्हय?" हंबीररावांनी मागून विचारलं.

आजूबाजूचे चारजण हसले. अर्जुनाही हसला. हसण्यावर भागत असलं तर त्याला ते बरंच होतं.

हंबीरराव म्हणजे गावचे सरपंच. वय पंचेचाळीस, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या अगदी काठावर. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला नदी. पूर आला की बाहेरची बोट येईपर्यंत फार उशीर होतो, म्हणून यंदा ग्रामपंचायतीला एक बोट मंजूर झाली होती. एकच. कुठली घ्यायची ते गावाने ठरवायचं, पण अर्जावर एक रकाना होता: गावातल्या जाणत्या नावाड्याने बोट स्वतः पाहून ती योग्य असल्याची सही करायची. गावात नावाडी आता एकच उरला होता. म्हणून सहासष्ट वर्षांच्या अर्जुनाला पहाटे उठवून गाडीत बसवून आणलं होतं.

लाल बोट हंबीररावांच्या मनात भरली होती. सोळा माणसं बसतात, दोन इंजिनं, पुढे दिवा. पुलाखालून एकदा ती गेली की अख्खं गाव बघत राहील, असं ते गाडीत तीनदा म्हणाले होते. अर्जुना तीनदा व्हय म्हणाला होता.

ऊन चढत गेलं तशी मांडवात गर्दी वाढली. लाउडस्पीकरवर एक बाई न थांबता बोलत होती. प्लॅस्टिकच्या पुतळ्यांना नारिंगी जाकिटं घालून रांगेत उभं केलं होतं. मैदानातच खणलेल्या तळ्यात पायाने चालवायच्या बदकाच्या आकाराच्या होड्या होत्या, त्यांच्यात बसून लोक फोटो काढून घेत होते. हंबीररावांनीही एक काढला. रबरी बोटी होत्या, पत्र्याच्या होत्या, कोकणातल्या होत्या. अर्जुना एकेका बोटीपाशी जायचा, सुतळी लावायचा, गाठ कुठे पडते ते बघायचा आणि पुढे सरकायचा. गाठ दर वेळी अलीकडेच राहायची. काही विक्रेते कौतुकाने बघत, काही मागे वळून एकमेकांना डोळा घालत. त्याचा उजवा खांदा दुखत होता. वल्हं मारून मारून तो खांदा केव्हाच गेला होता. पण आजचं दुखणं नुसतं खांद्याचं नव्हतं. सहा वर्षं झाली, त्याला बसल्या जागी दमायला व्हायचं. पूर्वी मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की तो टाळ घेऊन बुवांच्या पाठीशी पहिल्या रांगेत उभा राहायचा, पहाट झाली तरी गळा बसायचा नाही. आता तो शेवटी, भिंतीला टेकून बसायचा. टाळ मागितला कुणी तर म्हणायचा, खांदा चालत नाही.

आता हे दमणं कुठून आलं ते सांगतो.

पूल झाला नव्हता तेव्हा अर्जुनाची नाव हीच गावाची वाट होती. बाजार, शाळा, सोयरीक, सगळं त्याच्या नावेतून. त्याच्या आज्याच्या वेळेपासून घरात एक रीत होती. नाव सोडण्याआधी नावाड्याने काठाकडे तोंड करून हाक द्यायची, "ऱ्हायलं का कोण?" आणि काठावरून कुणीतरी म्हणायचं, "न्हाई कोण. सोड." हे उत्तर आल्याशिवाय दोर सुटायचा नाही, मग नावेतली माणसं कितीही कावोत. कारण धावत येणारं एखादं म्हातारं, कडेवर मूल घेतलेली एखादी बाई चढावाच्या आड असते, नावाड्याला दिसत नाही, काठावरच्याला दिसते.

आणि काठावर कायम कोण असायचं, तर सुलाबाई. तिचं घर नदीला लागून, एका अरुंद बोळाच्या तोंडापासून तिसरं. ती ओट्यावर भाजी निवडत नाहीतर शेंगा फोडत बसलेली असायची. हाक आली की वर न बघता, हातातलं काम न थांबवता म्हणायची, "न्हाई कोण. सोड." पंचवीस-तीस वर्षं. अर्जुनाचा हात त्या आवाजावर आपोआप दोराकडे जायचा. पुढे पूल झाला, नाव बंद पडली, घराच्या मागे पालथी पडून राहिली. एकोणीस सालच्या पुरात मात्र तीच नाव पुन्हा पाण्यात घालावी लागली. त्या पुरात गावातून एकच माणूस गेलं. सुलाबाई.

गावात सगळे म्हणायचे, म्हातारी हट्टी, म्हशीपायी घर सोडलं नाही. अर्जुना ऐकून घ्यायचा. त्याने कधी व्हय म्हटलं नाही, न्हाईही म्हटलं नाही.

तर प्रदर्शनात दुपार झाली. शेवटच्या टोकाला, जनरेटरच्या शेजारी, जिथे कुणी फारसं फिरकत नव्हतं तिथे एक लहान स्टॉल होता. कोयनेच्या फुगवट्याकडून, बामणोलीच्या अंगाने एक मुलगी आपल्या वडिलांनी बांधलेली एकच बोट घेऊन आली होती. तिचं नाव प्रियदर्शनी. बोट राखाडी, बिनहाराची, लांबट आणि निमुळती. अर्जुनाने सुतळी लावली. गाठ काठाच्या बाहेर पडली. बाहेर, चार बोटं. त्याने सुतळी काढली, पुन्हा लावली. मग तो बोटीच्या काठाला हात लावून नुसता उभा राहिला.

"बाबा, पाणी देऊ का?" प्रियदर्शनीने विचारलं. तिला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

त्याने पाणी घेतलं. मग कामाचं विचारायला लागला. एवढी निमुळती म्हणजे डुलत असणार. ती म्हणाली, डुलते, पण उलटत नाही, दोन्ही अंगांना आत हवेचे बंद डबे आहेत. आमच्याकडे पाणी डोंगराच्या घळीत शिरतं, वस्त्या आत, मोठी होडी तिथे जातच नाही. काठ बुटका का, त्याने विचारलं. ती म्हणाली, माझी आजी लुगडं नेसते, तिला चढता यावं म्हणून. अर्जुनाने एक पाय आत टाकून अंगाचा भार दिला. बोट कलली आणि थांबली. किती माणसं, त्याने विचारलं. सहा, ती म्हणाली, आणि जरा ओशाळली. सगळे इथपर्यंत ऐकून निघून जात होते.

तेवढ्यात हंबीरराव अर्ज घेऊन शोधत आले. मागे ऋषिराज, पेन उघडून. नोंदणी तीन वाजता बंद होणार होती आणि लाल बोटीवर आणखी दोन गावांचा डोळा होता. हंबीररावांनी अर्ज अर्जुनापुढे धरला.

अर्जुना म्हणाला, "ही बगा. ही घिऊ."

हंबीररावांनी राखाडी बोटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यांना आधी गंमत वाटली. म्हणाले, गाव दोन हजारांचं, सहा माणसं नेऊन काय करायचं, आणि ही तर गुरांना पाणी पाजायची डोण नदीत सोडल्यागत दिसते. अर्जुना म्हणाला की मोठीला हमरस्त्यावर काम आहे, तिथे फौजेची बोटही येते, पण बोळात कोण शिरणार. त्याने खिशातून सुतळी काढून दाखवली. पहाटे निघताना बोळात जाऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरून ही गाठ मारली होती.

"बोळात हाय कोण आता?"

"अंजनाची सासू हाय. खाटंवरनं उठत न्हाई. पल्याडच्या घरात दोन ल्हान पोरं हायत."

"त्यास्नी आदीच बाहीर काढू की. पाण्याचा अंदाज आता चार दिस आदी कळतो, मामा. एका बोळासाटी आख्ख्या गावाची बोट ल्हान घ्यायची?" हंबीरराव दमले होते, घाम पुसत होते, ऋषिराजपुढे त्यांना लाजल्यासारखं होत होतं. म्हणून जे कधी मोठ्याने बोलले नव्हते ते बोलून गेले. "काकीसाटी म्हणत आसशीला तर सोडा ते. काकी यायचीच न्हवती. बोट दारात लावली आसती तरी तिनं म्हशीचं दावं सोडलं नसतं. हट्टापायी गेली ती."

सुलाबाई ही हंबीररावांची चुलती. आई त्यांच्या लहानपणी गेली, वडील फौजेत, आज जम्मू तर उद्या आसाम. काकीला पोटचं मूल नव्हतं. हंबीररावांना तिनेच वाढवलं. पुराच्या त्या दोन दिवसांत ते मलकापूरच्या दवाखान्यात होते, बायको बाळंत होत होती आणि परतीचे सगळे रस्ते पाण्याखाली. काकी गेल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं.

अर्जुनाने प्रियदर्शनीकडे बघितलं. ती समजूतदार पोर, ऋषिराजला घेऊन आपल्या बोटीच्या मागच्या बाजूला काहीतरी दाखवायला गेली. जनरेटर धडधडत होता. अर्जुना खाली बसला, बोटीच्या ट्रॉलीच्या चाकाला टेकून. उभ्याने त्याला ते सांगता आलं नसतं.

"काकी हट्टी न्हवती," तो म्हणाला.

हंबीररावांनी पुढे धरलेला अर्ज खाली केला.

मग अर्जुनाने सांगितलं. चौथी खेप होती. नाव बोळाच्या तोंडाशी लावलेली, कारण आत शिरत नव्हती. बोळातली माणसं दोराला धरून छातीएवढ्या पाण्यातून नावेपर्यंत येत होती. काकीचे गुडघे गेलेले, तिला ते जमणारं नव्हतं. ती माडीच्या खिडकीत होती. अर्जुनाने तिला दुसऱ्या खेपेलाच सांगितलं होतं की शेवटी दोन गडी घेऊन येतो, तुला खांद्यावर काढतो. चौथ्या खेपेला नाव काठोकाठ भरली. पोरं रडत होती, पाऊस कोसळत होता, नावेत पाणी येत होतं. नाव सोडायची म्हणून त्याने, सवयीने, गावाकडे तोंड करून हाक दिली.

"मी म्हनलं, ऱ्हायलं का कोण." अर्जुना जमिनीकडे बघत होता. "आन् काकीच बोलली. माडीवरनं. न्हाई कोण, सोड. आन् मी सोडली."

लाउडस्पीकरवरची बाई कुठल्यातरी गावाचं नाव पुकारत होती.

"ध्येनातच आलं न्हाई माज्या. त्यो आवाज आला की हात दोरावर जातोया, हंबीरराव, इतकी वरसं तसंच झालं. मधे गेल्यावर कळालं, की बोलली ती कोण. मागं फिरावं तर नाव भरल्याली. म्हनलं पुढच्या खेपंला. पुढच्या खेपंला काकीच्या घराची भितच न्हवती."

हंबीरराव हातातल्या अर्जाची घडी घालत होते, उलगडत होते.

"आवाज कसा हुता?" त्यांनी विचारलं.

"रोजच्यावानी."

"भ्यालेली न्हवती?"

"न्हाई. शेंगा फोडताना बोलायची तसंच बोलली."

"म्हंजी सवयीनं बोलली? का नाव भरल्याली बघून बोलली?"

"सा वरसं त्येच इचारतोय मी," अर्जुना म्हणाला.

हंबीरराव वळले आणि मांडवाबाहेर गेले. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेलेले ते अर्जुनाला दिसले. मे महिन्यातली नदी, आटलेली, हिरवट, काठाला गाळ. ते तिथे पाठमोरे उभे राहिले. अर्जुनाला वाटलं, आता हे एकटेच गाडी घेऊन जातील, आणि गेले तर ठीकच आहे, आष्ट्याची एस.टी. मिळेल. त्याला रडूही आलं नाही आणि हलकंही वाटलं नाही. ओझं उतरलं की माणूस हलका होतो म्हणतात, पण फार दिवस वाहिलेलं ओझं उतरल्यावर आधी पाठच दुखते, हे हमालाला विचारा.

अडीचच्या पुढे हंबीरराव परत आले. तोंड धुतलेलं, सदरा छातीवर भिजलेला. ऋषिराज पेन घेऊन पुढे झाला.

"साहेब, बोट तुमची झ्याक हाय," हंबीरराव त्याला म्हणाले. "पर आमचं गाव बारीक हाय."

मग त्यांनी प्रियदर्शनीला विचारलं की बाळ, बोटीतून एखादं माणूस आडवं झोपवून न्यायचं झालं तर कसं झोपवायचं. तिने मधली फळी काढून दाखवली. त्यांनी ती स्वतः एकदा काढली, एकदा बसवली. अर्ज बोटीच्या काठावर ठेवून भरला आणि अर्जुनाच्या हातात पेन दिलं. अर्जुनाची सही म्हणजे तीन अक्षरं, प्रौढांच्या वर्गात शिकलेली. आज ती लिहायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. हंबीररावांनी घाई केली नाही. पण सकाळपासून तोंडात असलेलं मामा हे नाव त्यांनी त्यानंतर एकदाही घेतलं नाही, तेही अर्जुनाच्या ध्यानात आलं.

परतीची वाट. दोन्हीकडे ऊस, ट्रॅक्टर, गुऱ्हाळाचा वास. आष्ट्याला गाडी थांबली. हंबीरराव उतरले आणि चहाचे दोन कप घेऊन आले. एक त्यांनी खिडकीतून आत दिला आणि अर्जुनाने तो नीट धरेपर्यंत कपाखाली आपला तळवा धरून उभे राहिले. नजर मात्र रस्त्याकडे होती.

गाव आलं तेव्हा देवळात दिवा लागत होता. अर्जुनाच्या घरापुढे गाडी थांबली. तो उतरला, दार लावलं. खिडकीपाशीच उभा राहिला. हंबीररावांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर, नजर समोर.

"माजा राग हाय तुमच्यावर," ते म्हणाले. "किती दिस ऱ्हाईल म्हाईत न्हाई."

"व्हय."

"उद्या सकाळी येतो. मी ल्हानपणी शाळंला गेलो, मग कॉलेजला इस्लामपूरला. काकी दिसभर काय बोलायची ते तुमीच ऐकलंय, काठावरनं. काय काय बोलायची ते समदं सांगा मला."

अर्जुनाने मान डोलावली. गाडी वळली आणि बोळाच्या बाजूने गेली. तो आत गेला नाही. ओट्यावर बसून आठवायला लागला. कुठल्या साली ती कुणाच्या लग्नाला नावेतून गेली होती, पाऊस लांबला की नदीला काय म्हणायची, हंबीर पाचवीत नापास झाला त्या दिवशी मास्तरांना काठावरून काय बोलली होती. एक आठवलं की त्याच्या मागून दुसरं येत होतं. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

एवढीच गोष्ट. तुम्ही दमूनभागून आला असाल, आता उठा, घरी जा. एक मागणं तेवढं आहे. आज देवापुढे हात जोडून आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यात एक नाव माझ्यासाठी घ्या. सुलाबाई. तुमच्या नात्यातली नाही, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तरी घ्या.